दिव्याखालची भिंत

मृगाचा पहिला पाऊस पडून जातो, जमिनीतली धग निवते, आणि त्या संध्याकाळी ओटीवरचा दिवा लावला की थोड्याच वेळात त्याच्याभोवती जी गर्दी जमते, तिला 'पाखरे' या एकाच नावाखाली जमा धरून, ती जेवणाच्या ताटात पडतील या भयाने दिवा मालवून किंवा खिडक्या लावून घेऊन मोकळे व्हावे, ही आपल्या घराघरांतली वहिवाट फार जुनी आहे. वस्तुतः या गर्दीत अनेक जमाती असतात. ज्यांचे पंख घटकाभरात गळून फरशीवर पसरतात ती वाळवीची पिढी होय. टणक कवचावर आपटून पाठीवर पडतात आणि पाय झाडत राहतात ते भुंगेरे. टुणकन उडी मारून नाहीसे होतात ते तुडतुडे. आणि या सर्व गडबडीतून बाजूला होऊन जे भिंतीवर पंख मिटून किंवा पसरून बसतात आणि पुष्कळदा उजाडेपर्यंत जागा सोडत नाहीत, ते पतंग. दिव्याखालची ती भिंत म्हणजे घराभोवतालच्या झाडाझुडपांचे दफ्तर आहे, असे मला अनेक पावसाळ्यांच्या निरीक्षणानंतर निश्चितपणे वाटू लागले आहे. ज्याला ते वाचता येईल त्याला आपल्या कुंपणाच्या आत काय उगवते, शेजारच्या शेतात कोणते पीक उभे आहे आणि पलीकडच्या टेकडीवर कोणते रान अजून शिल्लक आहे, याचा दाखला घरबसल्या मिळतो.

याचे कारण पतंगाच्या जीवनक्रमात आहे. दिव्यावर दिसतो तो पतंग हा त्या प्राण्याच्या आयुष्याचा अखेरचा आणि बहुधा अल्पकाळाचा टप्पा असून खाणे, वाढणे आणि पुढच्या काळासाठी अंगात साठा करणे हे काम त्यापूर्वीच अळीने उरकलेले असते. आणि ही अळी खाण्याच्या बाबतीत विलक्षण आग्रही असते. वनस्पतींनी चीक, विष आणि कडवटपणा पानांत भरून आपल्या संरक्षणाची जी तजवीज केलेली असते, तिच्यावर मात करण्याचे सामर्थ्य एकेका जातीच्या अळीने बहुधा काही ठरावीक वनस्पतींपुरतेच मिळविलेले असते, आणि म्हणून मादी अंधारात गंधाच्या आधारे, व पानावर उतरल्यावर पायांनी चव घेऊन, नेमके तेच झाड निवडते आणि त्यावरच अंडी घालते. सर्वभक्षी अळ्या नाहीत असे नाही. हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो असा कोणताही विधिनिषेध न बाळगणारी घाटेअळी शेतकऱ्यांना पुरेपूर ठाऊक आहे; परंतु असे अपवाद वगळले तर पतंग ओळखला की त्याचे झाड ओळखले, आणि झाड ठाऊक असले की त्यावर कोण येईल हे सांगता आले, असा हा सरळ व्यवहार आहे.

कण्हेरीचेच उदाहरण घ्या. हिच्या पानांत हृदयाची क्रिया बंद पाडणारे विष असल्यामुळे शेळीदेखील तिला तोंड लावीत नाही, आणि याच गुणामुळे आपण ती निर्धास्तपणे कुंपणाला लावतो. तरीही पावसाळ्यात तिच्या कोवळ्या डहाळ्या एखाद्या सकाळी निष्पर्ण झालेल्या आढळतात. बारकाईने पाहिले तर बोटभर लांबीची, पानाच्याच रंगाची, शेपटाकडे एक आखूड शिंग असलेली अळी तिथे सापडते, आणि तिला डिवचले असता ती डोके आत ओढून मानेजवळचे दोन निळे, पांढऱ्या गाभ्याचे ठिपके असे फुगवते की पाहणाऱ्याला कोणी तरी डोळे वटारल्याचा भास व्हावा. हिचाच पुढे हॉक मॉथ या कुळातला तो देखणा पतंग होतो, ज्याच्या पंखांवर हिरव्या रंगाच्या अनेक छटा, त्यांत गुलाबी आणि पांढरट पट्टे, अशी नक्षी संगमरवरातल्या शिरांप्रमाणे पसरलेली असते. पंख पसरले की रुंदी सुमारे दहा सेंटिमीटर भरते. तगरीवरही तो वाढतो. तेव्हा ओटीच्या भिंतीवर हा पतंग बसलेला दिसला, तर आसपास कण्हेर किंवा तगर असणार, असे अनुमान बहुधा फसत नाही. मात्र हॉक मॉथ दमदार उडणारे असल्यामुळे त्यांच्या बाबतीत 'आसपास' या शब्दाची हद्द जरा ऐसपैस धरावी लागते.

गुळवेलीचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे. औषधी म्हणून अलीकडे गावोगावी आणि शहरांतल्या गच्च्यांवरही चढविलेल्या या वेलीवर, आणि रानातल्या वासनवेलीवर, एक अळी अंगाचा बाक करून, डोके खाली घालून अशी बसते की तिच्या बाजूवरचे डोळ्यांसारखे ठिपके तेवढे समोर यावेत. तिचा पतंग भिंतीवर पंख मिटून बसला असता वाळून सुरकुतलेले पानच चिकटले आहे अशी खात्री पटते. पण त्याला धक्का लागला की पुढचे पंख बाजूला होतात आणि मागच्या पंखांचा भडक नारिंगी रंग, त्यावरच्या काळ्या पट्ट्यासह, क्षणभर झळकून जातो. पाखरू चोच मारण्याआधी क्षणभर दचकावे, एवढाच त्या रंगाचा हेतू, आणि तेवढ्या अवधीत पतंग निसटतो. बहुतेक पतंगांची सोंड फुलातला मध शोषण्यापुरती मऊ असते. याच्या सोंडेचे टोक मात्र टणक आणि दातेरी असून तिने तो पिकलेल्या फळाची साल भेदतो. नागपुराकडच्या संत्रा बागायतदारांना हा रस शोषणारा पतंग चांगला माहीत आहे, कारण आंबिया बहराची फळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिकू लागतात नेमकी त्याच वेळी याची संख्या वाढते, आणि त्याने पाडलेल्या सूक्ष्म छिद्रातून बुरशी शिरून फळ सडते व गळते. म्हणूनच बागेच्या आसपासची गुळवेल आणि वासनवेल काढून टाकावी, असा सल्ला कृषिशास्त्रज्ञ देतात. एकाच वेलीविषयी वैद्याचा आणि बागायतदाराचा निवाडा असा परस्परविरुद्ध पडतो, आणि दोघांच्याही बाजूला पुरावा भक्कम आहे.

अशी नोंद प्रत्येक परसाची वेगळी निघते. काकडी-कारल्याचा मांडव असेल तर अर्धपारदर्शक पांढऱ्या पंखांना गडद तपकिरी काठ असलेला आणि शेपटीच्या टोकाशी केसांचा झुबका फुलवून बसणारा लहानसा पतंग हमखास येतो. पिवळ्याधमक पंखांवर काळे ठिपके विखुरलेला दिसला, तर हळद, आले किंवा एरंड यांपैकी काही तरी जवळ आहे. एरंडावरच्या उंटअळीचा पतंग करड्या रंगाचा, सामान्य दिसणारा, पण त्याचे मागचे पंख काळे आणि त्यांवर पांढरा पट्टा. उंबर-वडाच्या सावलीतल्या घरात पिवळ्या अंगाचा, करड्या-तपकिरी पंखांच्या मुळाशी पिवळ्यावर काळे ठिपके असलेला पतंग येतो. तिळाच्या शेताजवळ ज्याच्या पाठीवर कवटीसारखी आकृती आहे असा धिप्पाड हॉक मॉथ भेटतो, जो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो आणि हाती धरला तर चक्क चीत्कारतो. बागेतल्या लिलीवर किंवा रानातल्या कळलावीवर वाढणारा पतंग काळा, लाल आणि पिवळा अशा तीन रंगांनी मढलेला असतो. कोकणात किंवा मावळात घरासमोर भातखाचरे असतील तर फिकट पिवळ्या खोडकिड्याच्या माद्या, पुढच्या प्रत्येक पंखावर एकेक काळा ठिपका मिरवीत, ढिगाने दिव्यावर येतात. आणि त्यांच्यासोबत येणारे लहान पांढरे पतंग सुरळीतल्या अळीचे असतात, जी अळी पानाच्या तुकड्याची नळी करून तिच्यात बसते आणि खाचरातल्या पाण्यावर तरंगत एका चुडावरून दुसऱ्या चुडाकडे जाते.

रानाजवळच्या घरांचे भाग्य अर्थातच अधिक. सह्याद्रीच्या उतारावरच्या गावांत पावसाळ्यात कधी तरी वीतभर रुंदीचा तांबूस तपकिरी अॅटलास पतंग भिंतीवर येऊन बसतो, आणि दुसऱ्या दिवशी 'दुर्मीळ पतंग आढळला' अशी बातमी त्याच्या छायाचित्रासह छापून येते. तो जगातल्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक आहे हे खरे. दुर्मीळ मात्र त्याला म्हणू नये, कारण दालचिनीपासून पेरूपर्यंत अनेक झाडांवर त्याची अळी वाढते आणि तो नित्याचाच रहिवासी आहे. दिसतो क्वचित, कारण त्याच्या पतंगावस्थेची मुदतच आठवडा-दीड आठवड्याची. त्याला खाण्यासाठी मुखच उरलेले नसते, अळीने साठविलेल्या चरबीवर तो तेवढे दिवस काढतो. फिकट हिरव्या रंगाचा, मागच्या पंखांना लांब शेपट्या असलेला मून मॉथही याच वर्गातला. त्याची अळी मोईच्या पानांवर वाढते. विदर्भात गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडांवर ज्याचे कोसे ढिवर समाजातले लोक पिढ्यान्‌पिढ्या राखीत आले, तो टसर रेशमाचा पतंगही यांचाच भाऊबंद आहे.

एवढी विविधता दारात येत असताना आपले लक्ष फुलपाखरांकडेच का, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला राज्याच्या मानचिन्हांत स्थान दिले आणि असे करणारे ते भारतातले पहिले राज्य ठरले, याचा आनंदच आहे. परंतु जगात फुलपाखरांच्या सुमारे अठरा हजार जाती आहेत, तर पतंगांच्या दीड लाखाहून अधिक. एकट्या भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. नीलगिरीत चहाचे मळे सांभाळता सांभाळता पतंगांच्या नादी लागलेले जॉर्ज हॅम्पसन यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार खंड १८९२ ते १८९६ या काळात प्रसिद्ध केले, आणि आजही अनेक जातींच्या बाबतीत अभ्यासकाला त्यांच्याकडेच जावे लागते. आमच्या दृष्टीने त्यांच्याहूनही जवळचे नाव टी. आर. बेल यांचे. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले हे अधिकारी कारवारच्या रानांत वर्षानुवर्षे वावरले, आणि मेलेल्या पतंगांच्या पेट्या भरण्यावर संतुष्ट न राहता त्यांनी अळ्या घरी आणून, त्यांना त्यांचाच पाला घालून, कोष आणि पतंग होईपर्यंत वाढविण्याचा परिपाठ ठेवला. स्कॉट यांच्यासह १९३७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या हॉक मॉथवरील खंडात कोणती अळी कोणत्या झाडावर, कशी बसते, कोष कुठे करते, हे जे तपशील येतात ते अशा घरगुती संगोपनातून आलेले आहेत. पुढे सांगितलेली पद्धत मूळची त्यांच्यासारख्यांचीच.

आता, पतंग दिव्याकडे येतात तरी का? कवींनी या प्रश्नाचा निकाल प्रेमाच्या बाजूने केव्हाच देऊन टाकला आहे. शास्त्रज्ञ पुष्कळ काळ असे मानीत आले की पतंग चंद्राशी ठरावीक कोन राखून सरळ उडतो आणि दिव्यालाच चंद्र समजल्यामुळे त्याचा मार्ग चक्राकार होत आत वळतो. २०२४ च्या प्रारंभी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील सॅम्युएल फॅबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणावरून वेगळेच उत्तर दिले. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा किंचित उजळ असते, आणि उडणारा कीटक आपली पाठ सदैव त्या उजळ बाजूकडे ठेवून वरची दिशा ठरवितो. दिवा जवळ आला की तो बिचारा आपली पाठ दिव्याकडे वळवितो, त्यामुळे त्याचा मार्ग वाकतो आणि तो दिव्याभोवती फिरत राहतो. दिव्याच्या वर गेला तर उलटा होऊन कोसळतो. ओटीवर आपण रोज पाहतो ते गरगरणे आणि ते कोसळणे, दोन्हींचा उलगडा यात होतो. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या प्रयोगात ज्या थोड्या जाती दिव्याला फसल्या नाहीत त्यांत आपल्या कण्हेरीवरचा हॉक मॉथ होता.

अंधारात त्यांचे जे व्यवहार चालतात ते दिव्याशी संबंधित नाहीतच. मादी गंध सोडते आणि नर आपल्या पिसासारख्या मिशांनी तो दूरवरून टिपून तिच्यापर्यंत पोहोचतो. १९५९ साली अॅडॉल्फ ब्युटेनान्ट यांनी रेशमाच्या पतंगाचा हा गंध रासायनिकदृष्ट्या निश्चित केला, तेव्हा सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींतून त्यांच्या हाती अवघे काही मिलिग्रॅम द्रव्य लागले होते. कापसाच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी टांगलेले कामगंध सापळे याच शोधाची संतती. वटवाघळाची कर्णातीत किंकाळी ऐकणारे कान अनेक पतंगांना असतात, आणि ती ऐकताच ते पंख मिटून दगडासारखे खाली पडतात; मून मॉथला असे कान नाहीत, पण त्याच्या अमेरिकेतल्या नातलगावर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, शेपट्या कापलेले पतंग अखंड शेपट्यांच्या पतंगांपेक्षा दुपटीहून अधिक प्रमाणात वटवाघळांना सापडले, कारण फिरणाऱ्या शेपटीचा प्रतिध्वनी त्यांचा नेम चुकवितो. फुलांच्या बाजूने पाहावे तर मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते ती हॉक मॉथसाठी, आणि पुढच्या दिवसांत गुलाबी, मग लाल होते. गुलबक्षीची लांब नळी त्यांच्याच सोंडेच्या मापाची, आणि परसातली पपई धरते त्यातही त्यांचा वाटा आहे.

पाहण्यासाठी साहित्य फारसे लागत नाही. चुन्याने रंगविलेली पांढरी भिंत आणि साधी ट्यूबलाइट एवढ्यावर आरंभ करता येतो. तशी भिंत नसेल तर दोरीवर धुतलेली पांढरी चादर ताणून तिच्यासमोर दिवा ठेवावा. पिवळ्या दिव्यावर पतंग कमी येतात, ज्यात जंबुपार किरण अधिक त्यावर जास्त. अभ्यासक पाऱ्याच्या वाफेचा दिवा वापरतात, मात्र त्याकडे थेट पाहू नये. अमावस्येच्या आसपासची, वारा पडलेली, दमट, ढगाळ रात्र उत्तम. पौर्णिमेला फारशी आशा धरू नये. दिवेलागणीनंतरच्या पहिल्या प्रहरात लहान पतंग येतात, मोठे रेशमी पतंग बहुधा मध्यरात्र उलटल्यावर, तेव्हा ज्याला लवकर झोपण्याची सवय आहे त्याने निदान पहाटे एकदा उठून भिंत पाहावी. जे दिव्यावर येतच नाहीत त्यांच्यासाठी अतिपिकलेले केळे गुळात कालवून झाडाच्या खोडाला लावून ठेवावे. गुळवेलीवरच्या पतंगांसारखे फळांचे शौकीन तिथे सापडतात.

ओळखताना रंगाच्या आधी बसण्याची ढब पाहावी. उंटअळ्यांच्या कुळातले बरेचसे पतंग भिंतीला अंग चिकटवून चारी पंख सपाट पसरतात. घाटेअळीच्या भाऊबंदांचे पंख उतरत्या छपराप्रमाणे मिटतात. हॉक मॉथ पंख मागे खेचून बाणाच्या टोकासारखा बसतो. आणि काडीसारख्या पंखांचे काही इतके किडकिडीत असतात की ते पतंग आहेत हेच पटत नाही. पतंगाला बोटांनी धरू नये, पंखांवरचे खवले निघून येतात. छायाचित्र बरोबर समोरून घ्यावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. अनेक लहान जातींची ओळख नुसत्या चित्रावरून होत नाही. तिथे कुळापर्यंत पोहोचून थांबावे, उगाच नाव देऊन दफ्तर खराब करू नये. आणि उजाडण्यापूर्वी दिवा मालवून, चादर हलकेच झुडपांत झटकून टाकावी, कारण एकदा का दयाळ आणि बुलबुल यांना या भिंतीचा पत्ता लागला, की सूर्योदयाला तिथे केवळ पंख उरतात.

घराच्या आतही काही पतंग राहतात. रव्यात किंवा तांदळात जाळी धरते ती एका लहान करड्या पतंगाच्या अळीची. न्हाणीघराच्या कोपऱ्यात भिंतीवर सरकणारी, भोपळ्याच्या बीच्या आकाराची चपटी राखाडी पिशवी हे दुसऱ्या एका पतंगाच्या अळीचे फिरते घर असून, गळलेले केस, कोळिष्टके आणि मेलेल्या कीटकांचे अवशेष यांवर ती गुजराण करते. तिथेच मोरीच्या तोंडाशी बसणारे केसाळ, हृदयाकृती इवले जीव मात्र पतंग नव्हेत, त्या माश्या आहेत.

भिंत वाचून केलेले अनुमान पडताळून पाहायचे, तर बेल यांची रीत अंगीकारावी. कण्हेरीवर अळी सापडली की ती डहाळीसकट आणावी, जाळीने तोंड बांधलेल्या रुंद बरणीत ठेवावी, रोज त्याच झाडाची ताजी पाने घालावी आणि विष्ठा काढून टाकावी. केसाळ सुरवंटांना, विशेषतः शेवग्याच्या खोडावर जथ्याने बसणाऱ्यांना, हात लावू नये. त्यांच्या केसांनी अंगाची आग होते. हॉक मॉथची अळी पुरती वाढली की हिरवा रंग टाकून काळपट तपकिरी होते आणि अस्वस्थपणे बरणीभर फिरू लागते. तेव्हा तळाशी दोन-तीन बोटे ओलसर माती आणि वर वाळका पाला घालावा, कारण कोष करण्याची तिची जागा जमिनीवर आहे. बरणीवर तारीख, झाड आणि ठिकाण लिहून ठेवावे. बहुधा दोनेक आठवड्यांत पतंग निघतो, आणि पंख सुकून ताठ होईपर्यंत त्याला चढून लोंबकळायला एखादी काडी लागते. कधी कधी मात्र कोषातून पतंगाऐवजी एखादी लहान गांधीलमाशी किंवा राठ केसांची माशी बाहेर येते, जिने अळीच्या अंगावर किंवा अंगात केव्हाच अंडी घातलेली असतात. तिचीही नोंद त्याच कागदावर, त्याच तारखेखाली करावी.